किडनीचं मांजर घरी सांभाळताना: आधी पोट, मग फॉस्फरस

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा) वाढलेलं दिसलं की घरात पहिला प्रश्न हमखास येतो: आता काय काय बंद करायचं? मासे बंद, चिकन बंद, आणि समोर किडनीच्या महागड्या दाण्यांची वाटी. मांजर वास घेतं आणि पाठ फिरवतं. तीन दिवसांनी ते किडनीपेक्षा उपासानेच जास्त आजारी पडलेलं असतं. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि वेगळाच जीवघेणा आजार उभा राहतो. लठ्ठ मांजरात तर हे अजून लवकर होतं. म्हणून क्रम असा ठेवा: मांजर खातंय का, अंगात पाणी आहे का, मग फॉस्फरस किती (कमजोर किडनीला तो नीट बाहेर टाकता येत नाही), आणि त्यानंतर बाकीची औषधं.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

जुनाट किडनी विकाराचे चार टप्पे मानतात. क्रिएटिनिन १.६ च्या खाली असून किडनीत दुसरा काही दोष दिसत असेल तर पहिला टप्पा, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५.० तिसरा आणि ५ च्या वर चौथा. पण टप्पा ठरवायचा तो मांजर स्थिर असताना, अंगातलं पाणी भरून निघाल्यावर. उलट्या करून सुकलेल्या मांजराचा आकडा फुगलेला येतो, आणि दोन दिवस सलाईन दिल्यावर तोच बराच खाली उतरतो. हाडं लागलेल्या म्हाताऱ्या मांजरात याच्या उलट होतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, स्नायूच उरले नसतील तर आकडा फसवा कमी दिसतो. अशा वेळी एसडीएमए ही तपासणी उपयोगी पडते, कारण तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही.

फक्त रक्त तपासून भागत नाही. लघवीची घनता (१.०३५ च्या खाली म्हणजे किडनीला लघवी घट्ट करता येत नाहीये), लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर (०.४ च्या वर असेल तर त्यावर वेगळं औषध लागतं), पोटॅशियम, फॉस्फरस, रक्ताचं प्रमाण आणि रक्तदाब हे सगळं एकदा व्हायला हवं. आठ-दहा वर्षांच्या वरच्या मांजराचं थायरॉइडही बघून घ्या. वाढलेलं थायरॉइड किडनीचा आजार झाकून ठेवतं.

बीपी मोजायचं यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं. ठाण्याचा नौपाडा असो की नवी मुंबईचं नेरूळ, निघण्याआधी फोन करून "मांजराचं बीपी मोजता का?" एवढं विचारून घ्या. सोनोग्राफी, अन्ननलिकेत नळी टाकणं किंवा दाखल करून घेणं अशी वेळ आली तर मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, त्याला लागूनच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालं आहे. दवाखान्यात पोचल्यावर मांजराला झाकलेल्या बास्केटमध्येच पाच-दहा मिनिटं शांत बसू द्या, मग बीपी मोजायला सांगा. रिक्षाच्या धक्क्यांतून आलेल्या मांजराचं बीपी लगेच मोजलं तर ते वाढलेलंच येणार.

खाणं

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० कॅलरी लागतात. किडनीच्या सुक्या दाण्यांत ग्रॅममागे चारच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम झाले. ओल्या पाऊचची कॅलरी पाकिटावर छापलेली असते, ती वाचून हिशोब करा. अंदाजाने वाटी भरू नका. दहा-पंधरा ग्रॅमचा फरक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरच कळतो. पाठीच्या कण्यावरून हात फिरवला आणि मणके टोचायला लागले तर आकड्यांपेक्षा त्या हातावर विश्वास ठेवा आणि खाणं वाढवा.

रॉयल कॅनिनचं रीनल, हिल्सचं के/डी, फार्मिनाचं व्हेट लाइफ रीनल ही इथे मिळणारी किडनीची तयार खाणी. दुसऱ्या टप्प्यापासून त्यांचा खरा फायदा आहे, आणि तो मुख्यतः फॉस्फरस कमी असण्याचा आहे. प्रोटीन "शून्य" करायची गरज नसते. प्रोटीन फार तोडलं तर मांजर स्वतःचेच स्नायू खातं.

बदल हळू करा. पहिला आठवडा जुन्या खाण्याशेजारी वेगळ्या वाटीत चमचाभर नवीन, नुसतं दिसण्यासाठी. मग जुन्यात दहावा हिस्सा मिसळा, खाल्लं तर चार-पाच दिवसांनी पाचवा, असं करत तीन-चार आठवडे, हट्टी मांजर असेल तर दोन महिने. सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची. मांजर मळमळत असताना, दवाखान्यात दाखल असताना किंवा तोंडात जबरदस्तीने कोंबून नवीन खाणं दिलं जातं. मांजर ती मळमळ त्या वासाशी जोडतं आणि पुढे कितीही बरं वाटलं तरी त्या खाण्याला तोंड लावत नाही. आधी उलट्या आणि मळमळ थांबवा, जे आवडतं ते खाऊ द्या, स्थिरावल्यावर नवीन वाटी पुढे करा. आणि इतकं करूनही नाहीच खाल्लं तर नेहमीचं ओलं खाणं आणि सोबत फॉस्फरस बाइंडर (खाण्यातला फॉस्फरस पकडणारं औषध, खाली बघा) ही तडजोड पूर्णपणे चालते. पथ्याचं न खाल्लेलं खाणं कुणाच्याच कामाचं नाही.

ओलं खाणं शक्य तितकं जास्त असू द्या. त्यात पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं, सुक्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. पाऊचमध्ये आणखी दोन-तीन चमचे कोमट पाणी मिसळलं तर बहुतेक मांजरं हरकत घेत नाहीत. फ्रीजमधलं खाणं तसंच थंड देऊ नका. वाटी गरम पाण्यात ठेवून अंगाच्या ऊबेइतकं करा, वास सुटतो आणि निम्मं काम तिथेच होतं. मे महिन्यात ओलं खाणं अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं बरं.

आता आपल्या घरातलं खाणं. चेंदणी कोळीवाडा किंवा दिवाळे गावच्या बाजारातून येणारी मांदेली, बांगडा, बोंबील यांवर वाढलेल्या मांजराला एका दिवसात पाऊचवर आणता येत नाही, हे मान्य. पण सुकट, जवळा, सुके बोंबील मात्र पूर्ण बंद. सुकवलेल्या मासळीत पाणी गेल्यामुळे फॉस्फरस एकवटतो आणि वर मिठाचा मारा. काटे-हाडांसकट छोटे मासेही नकोत, हाड म्हणजे फॉस्फरसचा साठाच. कोंबडीच्या कलेजीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, साध्या चिकनमध्ये २०० च्या आतबाहेर. दूधही बंद करा, त्यात फॉस्फरस आहे आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात ते वेगळंच.

अंड्याचा पांढरा भाग मात्र या आजारातला चांगला मित्र. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रोटीन आणि फॉस्फरस पाचेक मिलिग्रॅम, तर पिवळ्यात साठाच्या वर. उकडून किसलेला पांढरा भाग चिकनमध्ये मिसळा.

चिकन द्यायचंच तर मांडीचं, बोनलेस, चरबीसकट, बारीक तुकडे करून भरपूर पाण्यात उकडा. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नको (कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात). इथे एक गोष्ट बहुतेक घरांत उलटी होते. उकडताना मांसातला बराच फॉस्फरस आणि पोटॅशियम पाण्यात उतरतो, आणि तेच पाणी "सूप, ताकद येईल" म्हणून मांजराला पाजलं जातं. ते पाणी ओतून द्या. चवीला रस्सा हवाच असेल तर उकडलेले तुकडे ताज्या पाण्यात पुन्हा पाच मिनिटं ठेवा आणि ते दुसरं पाणी वापरा. वर पाव-अर्धा छोटा चमचा साजूक तूप घातलं की कॅलरी वाढतात, फॉस्फरस वाढत नाही. शी पातळ झाली तर तूप कमी करा.

नुसतं उकडलेलं चिकन महिनोन्‌महिने चालवू नका. त्यात कॅल्शियम जवळपास नसतं आणि टॉरिनही (मांजराला खाण्यातूनच लागणारं अमिनो आम्ल) पुरेसं उरत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं नाही हे रिपोर्टवर बघून घेतलं असेल तर अर्धा किलो चिकनला सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे छोटा अर्धा चमचा, अंड्याच्या कवचाची पूड घालता येते. कवचं दहा मिनिटं उकळा, वाळवा, मिक्सरला लावा, चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. जाडसर राहिली तर मांजर वाटी सोडून जातं. ही पूड थोडाफार फॉस्फरसही धरून ठेवते. तरीही कायमचा घरचा आहार ठरवायचा असेल तर टॉरिन, जीवनसत्त्वं यांच्यासकट तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

फॉस्फरस बाइंडर

खाणं बदलून चार-सहा आठवडे झाले की फॉस्फरस तपासा. दुसऱ्या टप्प्यात तो ४.६ च्या आत, तिसऱ्यात ५ च्या आत, चौथ्यात निदान ६ च्या आत असावा. नसेल तर बाइंडर लागतं. हे औषध रक्तात जाऊन काम करत नाही, आतड्यात खाण्यातल्याच फॉस्फरसला पकडतं आणि शीवाटे बाहेर नेतं. म्हणून ते खाण्यात मिसळूनच द्यायचं, प्रत्येक जेवणात थोडं थोडं. रिकाम्या पोटी दिलेला डोस वाया गेला असं समजा.

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे सर्वांत वापरातलं. दिवसाला किलोमागे ३० ते ९० मिलिग्रॅम, जेवणांत वाटून, आणि सुरुवात खालच्या टोकापासून. इथे मेडिकलच्या दुकानातली गफलत लक्षात ठेवा: आपल्याकडच्या बहुतेक ॲसिडिटीच्या सिरपमध्ये ॲल्युमिनियमसोबत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं, वर पुदिन्याचा वास. किडनी कमजोर असताना मॅग्नेशियम साचतं, आणि पुदिन्यामुळे मांजर वाटीजवळ येत नाही. नुसतं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड मिळत नसेल तर डॉक्टर लँथॅनम किंवा कॅल्शियमचं बाइंडर लिहून देतात. कॅल्शियमचं असेल तर रक्तातलं कॅल्शियम अधूनमधून बघावं लागतं. ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतं. किडनीच्या मांजराची शी तशीही कोरडी असते, तेव्हा दोन दिवस शी झाली नाही तर शी मऊ करणाऱ्या लॅक्टुलोजबद्दल विचारा.

पाणी

दोन-तीन खोल्यांत रुंद तोंडाच्या वाट्या ठेवा, खाण्याच्या वाटीला चिकटून नको. घोडबंदरच्या बाजूला उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी आलं की मांजरं वासानेच पाणी कमी पितात. तेव्हा वाटी तुमच्या पिण्याच्या फिल्टरमधूनच भरा. सिरिंजने तोंडात पाणी ढकलू नका. श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि एवढ्या कष्टाने जेमतेम दहा-वीस मिली आत जातं. शहाळ्याचं पाणीही नको. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि शेवटच्या टप्प्यात ते आधीच चढलेलं असू शकतं. पोटॅशियम कमी असेल (मान खाली झुकते, उडी मारता येत नाही) तर त्यासाठी मोजून देण्याचं औषध आहे.

घरी सलाईन

व्यवस्थित खाणाऱ्या, पाणी पिणाऱ्या, दुसऱ्या टप्प्यातल्या मांजराला सलाईनची सहसा गरज नसते. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, वारंवार सुकणाऱ्या मांजराला डॉक्टर कातडीखाली सलाईन सुरू करतात. मांजराचं माप साधारण ७५ ते १५० मिली एका वेळी, रोज किंवा आठवड्यातून दोन-तीनदा. हृदयाचा आजार असेल तर हेच पाणी छातीत साचून घात करू शकतं, तेव्हा प्रमाण डॉक्टरच ठरवतील. पहिल्यांदा त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने देऊन बघा.

सामान: ५०० मिलीची रिंगर लॅक्टेट, म्हणजे आरएलची बाटली, आयव्ही सेट (सलाईनची नळी), १८ किंवा २० नंबरच्या सुया. बाटलीवरचं नाव दुकानात उभं राहूनच वाचा. आरएल संपलं की काही वेळा हातात डीएनएस दिलं जातं. त्यात साखर असते, ते कातडीखाली द्यायचं नसतं: गळू होऊ शकतं आणि अंगातलं पाणी उलट तिकडे ओढलं जातं.

बाटली पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून कोमट आहे का बघा. मायक्रोवेव्ह नको, पाणी कुठे गार कुठे कढत होतं. सेटचं चाक बंद करून बाटलीत टोचा, थेंब पडणारी कुपी दाबून अर्धी भरा, मग चाक उघडून नळीतली हवा काढा आणि परत बंद करा. नवी सुई लावा. बाटली खिडकीच्या ग्रिलला किंवा पडद्याच्या दांडीला अडकवा, मांजरापासून तीन-चार फूट वर. कमी उंचीवर धार इतकी मंद होते की मांजराचा धीर संपतो. बाटलीवरच्या रेषेवर पेनने खूण करा, नाहीतर किती गेलं ते कळत नाही.

मांजराला बास्केटच्या खालच्या भागात किंवा मांडीवर तोंड पलीकडे करून बसवा. खांद्याच्या दोन पात्यांमधली कातडी चिमटीत उचला, तंबू तयार होतो. त्या तंबूच्या बुडाशी, पाठीला समांतर, सुईचा तिरका कापलेला भाग वर ठेवून एका झटक्यात सुई आत घाला. भीतभीत हळू ढकलली तर जास्त दुखतं. चिमूट सैल करा, चाक उघडा. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे, काढून नव्या सुईने पुन्हा. थेंब पडत नसतील तर टोक कातडीला टेकलंय, सुई किंचित फिरवा. १८ नंबरने शंभर मिली पाचेक मिनिटांत जातं. २० नंबर कमी टोचते पण वेळ जास्त लागतो. झालं की आधी चाक बंद करा, मग सुई काढा आणि भोक बोटांनी मिनिटभर दाबून धरा. एक-दोन थेंब पाणी, कधी गुलाबीसर, बाहेर आलं तर घाबरू नका. थोडी हवा आत गेली तरी कातडीखाली ती निरुपद्रवी असते.

उंटासारखी मदार येते, ती घरंगळून पुढच्या पायाकडे उतरते आणि सहा ते बारा तासांत जिरते. दुसऱ्या दिवशी तशीच असेल तर पुढचा डोस देऊ नका, डॉक्टरांना कळवा. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटभर मोजायची सवय लावून घ्या. ३० च्या वर सतत जात असतील तर सलाईन थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा, तोंड उघडून श्वास घेत असेल तर लगेच.

दर वेळी नवी सुई, दर बाटलीला नवा सेट. उघडलेली बाटली सुई-टोपी लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. गढूळ दिसली तर टाकून द्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात परत द्या. सोसायटीच्या कचऱ्यात टाकलेली सुई कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात घुसते.

औषधांबद्दल थोडं

भूक लागावी म्हणून मिर्टाझॅपिन देतात: माणसांच्या ७.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, आणि किडनीच्या मांजराला तो दिवसाआड, रोज नाही. जास्त झालं तर मांजर रात्रभर ओरडत फिरतं. सायप्रोहेप्टाडिन हे भुकेचं दुसरं औषध त्याच्याबरोबर देऊ नये, दोन्ही एकमेकांना मारक आहेत. उलट्या-मळमळीसाठी मॅरोपिटंट. रक्तदाब १६० च्या वर टिकून राहिला तर ॲम्लोडिपिन, बहुतेकदा २.५ च्या गोळीचा चौथा भाग रोज. बीपी अचानक चढलं की मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं: बाहुल्या मोठ्या, भिंतींना धडकणं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना. हे सगळे डोस डॉक्टरांशी बोलताना समजावेत म्हणून दिले आहेत, स्वतःहून सुरू करण्यासाठी नाहीत.

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नाही. पुनर्नवासव वगैरे "किडनीसाठी चांगलं" म्हणून कुणी सुचवेल. आसवात अल्कोहोल असतं, मांजराला ते नकोच.

गणपतीत गावाला जाताना

सांभाळणाऱ्या माणसासाठी फ्रीजवर एक कागद लावा: दिवसाचे ग्रॅम, बाइंडर कोणत्या जेवणात किती, सलाईनचे दिवस, शेवटचं वजन, डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या एका दवाखान्याचा नंबर. वजन आठवड्यातून एकदा लिहायचं. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम कमी झालं तर ते डोळ्यांना दिसत नाही, पण तेच पाच टक्के झालं. ट्रेमधल्या वाळूतले (लिटरमधले) लघवीचे गठ्ठे रोज मोजायला सांगा. अचानक एकही गठ्ठा नसेल, किंवा बोका ट्रेमध्ये बसून कुंथत असेल, तर तो मूत्रमार्ग अडकल्याचा प्रकार असू शकतो, सकाळपर्यंत थांबायचं नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तरी फोन करायचा.

आणि सणाच्या फुलांत लिली असेल तर ती घरात येऊच देऊ नका. पानं, परागकण, फुलदाणीतलं पाणी, यातलं काहीही मांजराने चाटलं तरी धडधाकट किडनीसुद्धा दोन-तीन दिवसांत निकामी होते. चाटल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता फूल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठायचा, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.